सेवाग्रामच्या बडी बहनजी

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या दादीजवळ किंवा नानीजवळ बसा आणि त्यांना विचारा, की अब्बांचा किंवा अम्मीचा जन्म कुठे झाला. पुष्कळ घरांत उत्तर मिळेल, की जन्म घरीच झाला आणि दाईच्या हाताने झाला. मग आणखी एक प्रश्न हळूच विचारा. त्या काळी आपल्या नात्यातली एखादी स्त्री बाळंतपणात दगावली होती का? दादी थोडा वेळ गप्प बसतील. मग कदाचित त्या एखादे नाव सांगतील. ते नाव तुम्ही यापूर्वी कधीच ऐकलेले नसेल.

अशी नावे खूप घरांत आहेत. ती कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेली नाहीत. या स्त्रिया आजारी नव्हत्या. त्या फक्त आई होणार होत्या. वेळेवर मदत मिळाली असती, तर त्यांपैकी अनेक जणी वाचल्या असत्या. ही मदत खेड्यापर्यंत पोहोचावी म्हणून आपल्या वर्धा जिल्ह्यात एका स्त्रीने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव डॉ. सुशीला नायर. आश्रमात त्यांना सुशीलाबहन म्हणत. पुढे सेवाग्रामचे लोक त्यांना आदराने बडी बहनजी म्हणू लागले. आज आपण त्यांच्या जीवनाची ओळख करून घेऊ या.

सुशीलाबहन यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबातील कुंजाह या गावी झाला. हे गाव गुजरात नावाच्या जिल्ह्यात आहे. मात्र हे गुजरात म्हणजे अहमदाबाद-सुरतचे गुजरात राज्य नव्हे. हा जिल्हा आता पाकिस्तानात आहे. फारसी भाषेचे कवी गनीमत कुंजाही याच गावचे.

सुशीलाबहन यांचे मोठे भाऊ प्यारेलाल लाहोरच्या कॉलेजात शिकत होते. १९२० साली असहकाराची चळवळ सुरू झाली, तेव्हा ते शिक्षण सोडून महात्मा गांधींकडे गेले आणि पुढे त्यांचे सचिव झाले. भावामुळे लहानपणापासूनच सुशीलाबहनच्या कानांवर गांधीजींचे नाव पडत होते. पण त्यांनी स्वतः शिक्षण सोडले नाही. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. त्या काळात मुलीने डॉक्टर होणे ही सोपी गोष्ट नव्हती.

दिल्लीला लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज नावाचे केवळ स्त्रियांसाठी असलेले वैद्यकीय महाविद्यालय १९१६ साली सुरू झाले होते. असे वेगळे महाविद्यालय का काढावे लागले, हे समजून घ्या. हिंदू असोत वा मुसलमान, अनेक घरांतील स्त्रिया पडद्यात राहत. पुरुष डॉक्टरांना त्या नाडीसुद्धा दाखवत नसत. आजार वाढत जाई आणि स्त्री मुकाट्याने सहन करी. स्त्रियांना वाचवायचे, तर स्त्री डॉक्टर हव्यात, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. सुशीलाबहन याच महाविद्यालयात शिकल्या. तेथून त्यांनी एम.बी.बी.एस. आणि नंतर एम.डी. या पदव्या घेतल्या.

१९३९ साली त्या भावाला भेटण्यासाठी वर्ध्याजवळच्या शेगावला आल्या. तुम्ही म्हणाल, शेगाव तर बुलढाणा जिल्ह्यात आहे. दोन्ही गावांचे नाव एकच असल्यामुळे पत्रांचा घोटाळा होई. म्हणून १९४० साली वर्ध्याजवळच्या या गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले. गांधीजी १९३६ सालच्या एप्रिल महिन्यात येथे राहायला आले होते. वर्धा शहरापासून आठ किलोमीटरच्या आसपास असलेले हे लहानसे खेडे. काळी जमीन, कापूस आणि ज्वारीची शेते, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलाबरोबर येणारा हिवताप. जवळपास दवाखाना नव्हता.

सुशीलाबहन आल्या आणि थोड्याच दिवसांत वर्ध्याच्या परिसरात कॉलऱ्याची साथ पसरली. कॉलऱ्याला मराठीत पटकी आणि उर्दूत हैजा म्हणतात. हा रोग दूषित पाण्यातून पसरतो. जुलाब आणि उलट्या यांमुळे शरीरातले पाणी व मीठ निघून जाते आणि काही तासांत धडधाकट माणूस मरू शकतो. अशा वेळी डॉक्टराने फक्त औषध देऊन भागत नाही. विहिरीचे पाणी शुद्ध करावे लागते, लोकांना पाणी उकळून प्यायला शिकवावे लागते, रोग्याचे कपडे आणि घाण दूर नेऊन नष्ट करावी लागते. तेव्हा सुशीलाबहन चोवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी जवळजवळ एकट्याने या साथीला तोंड दिले. गांधीजींनी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले. पुढे गांधीजींच्या प्रकृतीची काळजी घेण्याचे कामही त्यांच्याकडे आले.

आश्रमात रुग्णसेवा हे कमी प्रतीचे काम मानले जात नसे. त्याच सुमारास परचुरे शास्त्री नावाचे एक विद्वान गृहस्थ आश्रमात राहत होते. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी लोक कुष्ठरोग्याची सावलीही टाळत. पण गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा स्वच्छ करीत आणि त्यांच्या अंगाला मालिश करीत. एम.डी. होणाऱ्या डॉक्टरला येथे पुस्तकात नसलेला धडा मिळाला. रोग्याला औषधाइतकीच मायेच्या हाताची गरज असते.

आश्रमाची प्रार्थनाही तुम्हाला ठाऊक असायला हवी. सकाळ-संध्याकाळ होणाऱ्या या प्रार्थनेत गीतेतील श्लोकांबरोबर कुराण शरीफमधील सूरह फातिहाही म्हटली जाई. पारशी आणि बौद्ध प्रार्थनाही त्यात असत. पटियाळ्याच्या बीबी अम्तुस्सलाम गांधीजींच्या आश्रमात राहत. त्या आपले रोजे आणि नमाज सांभाळून आश्रमाची कामे करीत. धर्म पाळणे आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या नव्हत्या. सुशीलाबहनची सेवा अशा वातावरणात घडली.

१९४२ साली छोडो भारत आंदोलन सुरू झाले. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर सभा होणार होती. गांधीजींच्या जागी आपण बोलू, असे कस्तुरबांनी ठरवले. इंग्रज सरकारने कस्तुरबांना आणि त्यांच्याबरोबर सुशीलाबहनना पकडले. पुढे दोघींना पुण्याच्या आगाखान महालात नेण्यात आले. गांधीजींना तेथेच ठेवले होते. महाल म्हटला, तरी तो तुरुंगच होता. भोवती काटेरी तार आणि पहारा होता.

तुरुंगात जाऊन आठवडाही झाला नव्हता, तोच १५ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या हृदयाला झटका आला. सुशीलाबहन धावल्या. त्यांनी जे करता येणे शक्य होते ते केले, पण महादेवभाई गेले. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. तेव्हाही रात्रंदिवस जवळ राहणाऱ्या डॉक्टरांमध्ये सुशीलाबहन होत्या.

मग कस्तुरबांचे हृदय थकू लागले. त्यांना श्वास घ्यायला त्रास होई. रात्री आडवे पडता येत नसे. सुशीलाबहन त्यांना आधार देऊन बसवीत, अंग पुसून देत, औषध देत, त्यांचे बोलणे ऐकत. येथे त्या डॉक्टरपेक्षा अधिक परिचारिका होत्या. परिचारिका म्हणजे नर्स. मराठीत रोग्याच्या सेवेला आणखी एक सुंदर शब्द आहे, शुश्रूषा. हा संस्कृत शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. रोग्याचे दुखणे ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे, तोच त्याची खरी सेवा करू शकतो. २२ फेब्रुवारी १९४४ च्या संध्याकाळी कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून प्राण सोडला. महादेवभाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आजही आगाखान महालाच्या आवारात आहेत.

विचार करा, मित्रांनो. सुशीलाबहनचे वय तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. उत्तम शिक्षण घेतलेल्या या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर दीड वर्षात दोन जिवलग माणसे गेली. दुःख तर झालेच. पण त्या दुःखातून त्यांनी एक काम उभे केले.

कस्तुरबांच्या स्मरणार्थ देशभर निधी गोळा झाला होता. हा पैसा खेड्यांतील स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी खर्च व्हावा, असे गांधीजींनी ठरवले. इकडे तुरुंगातून सुटल्यावर १९४४ साली सुशीलाबहननी सेवाग्रामात एक लहानसा दवाखाना सुरू केला. रोगी वाढू लागले. जागा पुरेनाशी झाली. तेव्हा बिर्ला कुटुंबाने दिलेल्या एका अतिथिगृहात पंधरा खाटांचे रुग्णालय सुरू झाले. ते स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी होते. १९४५ साली त्याला कस्तुरबा रुग्णालय असे नाव मिळाले.

पंधरा खाटा म्हणजे फारच थोड्या, असे तुम्हाला वाटेल. पण त्या काळची स्थिती पाहा. १९४६ साली भोर समिती नावाच्या सरकारी समितीने देशाच्या आरोग्याचा अहवाल दिला. त्या अहवालाप्रमाणे देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणाच्या कारणाने मरत होत्या. दर हजार जन्मांमागे वीस माता मरत. सगळ्या देशात मिळून परिचारिका होत्या सुमारे सात हजार. म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक परिचारिका! शिकलेल्या सुईणी तर त्याहून कमी, सुमारे पाच हजार. आणि त्यांपैकी बहुतेक शहरात. खेड्यातल्या गरोदर स्त्रीच्या वाट्याला यांतले कोणीच येत नसे.

बाळंतपणात स्त्रिया का मरत, हे जाणून घ्यायला लाजू नका. हे ज्ञान तुमच्या घरातल्या माणसांच्या जिवाशी संबंधित आहे. पहिले कारण रक्तस्राव. बाळ जन्मल्यावर रक्त थांबले नाही, तर दोन-तीन तासांतही आईचा जीव जाऊ शकतो. तिच्या अंगात आधीच रक्त कमी असेल, तर धोका आणखी वाढतो. दुसरे कारण जंतूंचा संसर्ग. न धुतलेले हात, मळके कापड, गंजलेला विळा यांतून जंतू शरीरात जातात आणि चार दिवसांनी बाळंतिणीला ताप भरतो. अशाच विळ्याने नाळ कापली, तर बाळाला धनुर्वात होतो. तिसरे कारण आकडी. काही स्त्रियांचा रक्तदाब गरोदरपणात वाढतो, पायांना सूज येते, डोके दुखते. वेळीच लक्ष दिले नाही, तर झटके येऊन आई आणि बाळ दोघेही जातात.

आता पाहा, या तिन्ही धोक्यांवर उपाय आहे. रक्त कमी असेल, तर ते गरोदरपणातच कळू शकते. हात साबणाने धुता येतात. नाळ कापायला नवे पाते घेता येते आणि दोरा उकळता येतो. आईला धनुर्वाताची लस टोचली, तर बाळालाही संरक्षण मिळते. रक्तदाब मोजता येतो. पण हे सगळे करणारी व्यक्ती बाळंतपणाच्या आधी घरी पोहोचली पाहिजे. बैलगाडीत घालून रुग्णालयात आणलेली, अर्धमेली झालेली स्त्री वाचवणे फार कठीण असते. रुग्णालयाने आईची वाट पाहत बसू नये, आईकडे जावे, हा विचार सुशीलाबहनच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो.

पण त्याआधी देशावर मोठे संकट आले. १९४६ साली बंगालमधील नोआखाली भागात दंगली झाल्या. तेथे हिंदू अल्पसंख्य होते आणि त्यांच्यावर मोठे अत्याचार झाले होते. गांधीजी तेथे गेले आणि त्यांनी आपल्या सोबत्यांना एकेका गावात एकटे राहण्यास सांगितले. सुशीलाबहनही अशाच एका गावात राहिल्या. त्यांच्याकडे औषधांची पेटी होती. औषधपाणी करताना रोग्याचा धर्म विचारला जात नसे. बीबी अम्तुस्सलाम यांनी त्याच भागात, सिरंदी गावी, दोन्ही समाजांत शांतता व्हावी म्हणून दीर्घ उपवास केला. तो जानेवारी १९४७ मध्ये सुटला.

ऑगस्ट १९४७ मध्ये गांधीजी पंजाबात गेले. रावळपिंडीकडच्या दंगलींतून वाचलेले हिंदू आणि शीख वाह येथील छावणीत राहत होते. पाकिस्तान झाल्यावर आपले काय होईल, या भीतीने ते घाबरले होते. त्यांना धीर यावा म्हणून गांधीजींनी सुशीलाबहनना तेथे मागे ठेवले. एका ठिकाणी एक समाज भयभीत होता, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. त्यांची स्वतःची जन्मभूमीही आता परदेश झाली होती. तरी त्यांच्या मनात कोणाविषयी वैर आले नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, तेव्हाही त्या गांधीजींच्याच कामासाठी पाकिस्तानात, बहावलपूरकडे गेलेल्या होत्या. ज्यांच्या प्रकृतीची त्यांनी वर्षानुवर्षे काळजी घेतली, त्यांच्या अखेरच्या क्षणी त्या जवळ नव्हत्या.

यानंतर सुशीलाबहन अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या दोन पदव्या घेतल्या. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय? एका रोग्याला बरे करणे हे डॉक्टरचे काम. पण सगळे गाव आजारी पडू नये म्हणून पाणी, अन्न, लस, स्वच्छता आणि आईची काळजी यांची व्यवस्था करणे, हे सार्वजनिक आरोग्याचे काम. कॉलऱ्याच्या साथीत जे त्यांनी अनुभवाने जाणले होते, त्याचे आता त्यांनी शास्त्र शिकून घेतले.

१९५० साली त्या परत आल्या. दिल्लीजवळ फरीदाबाद येथे निर्वासितांसाठी नवी वसाहत उभी राहत होती. तेथे त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. १९५२ मध्ये त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या. १९५७ मध्ये झाशी मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या आणि १९६२ ते १९६७ या काळात भारताच्या आरोग्यमंत्री होत्या. पद मोठे होते, दिल्लीत घर होते, मान होता. अशा वेळी अनेकांना आपले जुने खेडे आठवत नाही. सुशीलाबहनना मात्र सेवाग्रामच्या रुग्णालयाचा विसर पडला नाही. ते नीट चालावे म्हणून १९६४ साली कस्तुरबा हेल्थ सोसायटी ही संस्था स्थापन झाली.

त्यांना एक गोष्ट खटकत होती. डॉक्टर तयार होत होते शहरात. सहा-सात वर्षे शहरातल्या रुग्णालयात शिकलेला तरुण खेड्यात जायला तयार नसे. त्याला खेडे माहीतच नसे. मग डॉक्टर खेड्यातच का तयार करू नयेत? १९६९ हे गांधीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. त्या वर्षी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पहिल्या वर्गात साठ विद्यार्थी होते. खेड्यात उभे राहिलेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते.

येथील नियम वेगळे होते. नव्या विद्यार्थ्यांनी पहिले पंधरा दिवस आश्रमात राहायचे. पहाटे उठायचे, झाडलोट करायची, स्वतःची भांडी स्वतः घासायची, सर्वधर्म प्रार्थनेत बसायचे. अंगावर खादी घालायची. दारू, तंबाखूला स्थान नव्हते. मोठ्या घरांतून आलेल्या काही मुलांना हे जड जाई. हातात स्टेथोस्कोप घ्यायला आलो आणि आधी झाडू घ्यावा लागला, असे त्यांना वाटे. बडी बहनजी शिस्तीच्या बाबतीत कडक होत्या. त्यांच्या दृष्टीने झाडू आणि स्टेथोस्कोप ही दोन्ही आरोग्याचीच साधने होती.

त्यानंतर प्रत्येक वर्ग वर्धा जिल्ह्यातील एक गाव दत्तक घेई. विद्यार्थी त्या गावात शिबिर करून राहत. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जात. त्या कुटुंबात गरोदर स्त्री आहे का, मुलांना लस टोचली का, विहीर कशी आहे, हे त्यांनी पाहायचे आणि पुढची वर्षेही त्या घराशी संबंध ठेवायचा. असे घरी गेल्यावर पुस्तकातल्या गोष्टींचा अर्थ बदलतो. गरोदर स्त्रीच्या अंगात रक्त कमी आहे, हे प्रयोगशाळेत कळते. पण ती दिवसभर निंदणाला जाते, घरी आल्यावर सगळ्यांना वाढते आणि उरले तर शेवटी खाते, हे तिच्या घरी गेल्याशिवाय कळत नाही. तेव्हा लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. तिच्या सासूशी आणि नवऱ्याशीही बोलावे लागते.

या संस्थेतील डॉक्टरांनी पुढे एक अनोखी योजना चालवली. खेड्यातल्या माणसाजवळ रोख पैसा नसतो, पण सुगीच्या वेळी घरात ज्वारी असते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जास्त जमीन असलेल्याने जास्त, मजुराने थोडी. या वर्गणीच्या बदल्यात वर्षभर आरोग्याची सेवा आणि रुग्णालयात उपचार मिळत. गरिबाला हात पसरावा लागला नाही. त्यालाही आपण दवाखान्याचे भागीदार आहोत, असे वाटले.

या सगळ्या कामात परिचारिकांचा वाटा फार मोठा आहे. डॉक्टर दिवसातून एक-दोन वेळा रोग्याजवळ येतो. परिचारिका मात्र तासन् तास जवळ असते. खेड्यात गरोदर स्त्रीच्या दारात सर्वांत आधी पोहोचते ती नर्सबाई. लाज वाटते म्हणून जी गोष्ट स्त्री डॉक्टरला सांगत नाही, ती नर्सला सांगते. सेवाग्रामात परिचारिकांचे शिक्षणही दिले जाऊ लागले. आणि गावातली जुनी दाई? तिला हाकलून देऊन उपयोग नव्हता, कारण बायकांचा तिच्यावर विश्वास होता. म्हणून दाईंना स्वच्छतेचे आणि धोका ओळखण्याचे शिक्षण देणे हा भारतातील ग्रामीण आरोग्यसेवेचा बराच काळ महत्त्वाचा भाग होता.

सुशीलाबहननी लग्न केले नाही. पुढील काळात त्यांचे घर सेवाग्रामच होते. त्या १९७७ मध्ये पुन्हा एकदा झाशीहून लोकसभेत गेल्या. पण त्यानंतरची वर्षे त्यांनी मुख्यतः सेवाग्रामच्या संस्थेला दिली. पंधरा खाटांचे रुग्णालय त्यांच्या डोळ्यांसमोर शेकडो खाटांचे झाले. वर्ध्याबरोबर यवतमाळ, चंद्रपूरकडचे रोगीही तेथे येऊ लागले. ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्राम येथेच त्यांचे निधन झाले. त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या.

आता एक हिशेब करा. भोर समितीच्या काळी दर हजार जन्मांमागे वीस माता मरत. म्हणजे एक लाख जन्मांमागे दोन हजार. २०१८ ते २०२० या काळातील सरकारी पाहणीप्रमाणे एक लाख जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता मरण पावल्या. हा फरक एका माणसामुळे पडलेला नाही. लस, औषधे, रस्ते, मुलींचे शिक्षण, सरकारी योजना आणि हजारो परिचारिकांचे कष्ट यांमुळे तो पडला आहे. सुशीलाबहन या मोठ्या कामातल्या एक होत्या. पण जेव्हा खेड्याकडे कोणी पाहत नव्हते, तेव्हा त्या तेथे जाऊन बसल्या, हे विसरता येणार नाही. आणि ३३ हा आकडा लहान असला, तरी ज्या घरातली आई जाते, त्या घराला तो लहान नसतो.

म्हणून मित्रांनो, हा धडा वाचून फक्त परीक्षेची उत्तरे पाठ करू नका. घरात भाभी किंवा खाला गरोदर असेल, तर तिची नावनोंदणी दवाखान्यात झाली आहे का, तिचे रक्त आणि रक्तदाब तपासला का, हे अम्मीला विचारा. तिने सर्वांच्या आधी जेवावे, असा आग्रह धरा. मुलींनो, तुमच्यापैकी कोणाला परिचारिका किंवा डॉक्टर व्हावेसे वाटत असेल, तर घरी स्पष्ट सांगा. पडद्यातल्या स्त्रीला स्त्रीच्याच हाताची गरज असते, हे सांगितले तर घरातली मोठी माणसे नक्की विचार करतील. मुलांनो, बहिणीने असे सांगितले, तर तिची बाजू घ्या.

कधी वर्ध्याला गेलात, तर सेवाग्रामला जरूर जा. आश्रमात मातीच्या भिंतींची बापूकुटी आणि बा कुटी पाहा. तेथून जवळच कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय आहे. बाळंतिणींच्या विभागाबाहेर तुम्हाला खेड्यांतून आलेली माणसे बसलेली दिसतील. कोणी नमाजी टोपी घातलेली असेल, कोणी गांधी टोपी, कोणाच्या हातात जपमाळ असेल. आतून बाळाचा आवाज येईल आणि सगळेच एकदम उठून उभे राहतील. त्या वेळी तुमच्या दादीने सांगितलेले ते नाव आठवा.